काशीस जावे नित्य वदावे : अंतराळ सहलीचं बुकिंग आपल्याकडं कधी चालू होणार?

आयर्विनपूल (सांगली) | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी नमस्कार. माझा यात्रा काढायचा धंदा आहे हे इथल्या जुन्या लोकांना माहीतच आहे, अष्टविनायक, काशी-अयोध्या, चार वर्षं झाली दुबई-थायलंड पण करतो. तर मागच्या मंगळवारी दुपारी आमचं एक जुनं गिऱ्हाईक आलं, पंच्याहत्तरीच्या पुढचे, आम्ही सगळे तात्याच म्हणतो. चारधाम, नेपाळ, अंदमान सगळं आमच्याबरोबरच केलेलं. खुर्चीत बसले, टोपी काढून टेबलावर ठेवली, पिशवीतनं पासबुक काढलं आणि म्हणाले, "ते रॉकेटातनं वर नेऊन आणत्यात म्हणं. आपलं बुकिंग कधी चालू करतोयस?"

मी हसलो. ते नाही हसले.

मग मीच रात्री दुकान बंद करून मोबाईलवर बसलो. पहिला स्वतःच्या पैशानं गेलेला माणूस म्हणजे डेनिस टिटो, एप्रिल २००१, रशियाच्या सोयूझमधनं अंतराळ स्थानकावर आठेक दिवस, वय ६० आणि भाडं २ कोटी डॉलरच्या घरात. त्यावेळच्या दरानं नव्वदेक कोटी झाले. नंतर स्वस्तातली म्हणजे नुसती वर जाऊन खाली यायची सहल निघाली, व्हर्जिन गॅलॅक्टिकवाल्यांची, तिकीट २ लाख डॉलर, मग अडीच लाख, मग साडेचार लाख. आपल्यात पण लवकर बुकिंग करणाऱ्याला सवलत असते पण इतकी नाही.

आता धंद्याच्या नजरेनं बघा. जॉन गुडविन म्हणून एका इंग्रज गृहस्थानं २००५ साली तिकीट काढलं आणि बसायला मिळालं १० ऑगस्ट २०२३ ला. मधल्या काळात त्यांना पार्किन्सन झाला, वय ऐंशी झालं, तरी गेले. अठरा वर्षं ॲडव्हान्स अडकून! मी लॉकडाऊनमध्ये एका विमान कंपनीकडं अडकलेले गिऱ्हाइकांचे पैसे सोडवायला सात महिने फोन करत होतो, त्या सात महिन्यांत माझे केस पांढरे झाले. अठरा वर्षं तो ऑफिसवाला गिऱ्हाइकाला फोनवर काय सांगत असेल?

म्हणून धागा काढलाय. तात्यांना खरं उत्तर काय द्यायचं? खरंच होणार आहे का हे आपल्यासारख्यांना, का श्रीमंतांचा पोरखेळ आहे?

---

भडंग (सांगली) | शनिवार, रात्री ९.५२

तात्यांना विंडो सीट द्या फक्त 😄 आणि चहा-नाष्टा पॅकेजमध्ये आहे का ते आधीच सांगा, नायतर वर गेल्यावर भांडतील.

---

कोरेगावचा_मास्तर (सातारा) | शनिवार, रात्री १०.१५

शाळेत हेच शिकवतो म्हणून जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

आधी एक गंमत. अंतराळाची सीमा बहुतेक जग १०० किमीवर धरतं, अमेरिकेत ८० किमीवर. सांगलीहून सातारा सव्वाशे किमीच्या आसपास. म्हणजे अंतराळ आमच्यापेक्षा तुम्हाला जवळ आहे. स्थानक ४०० किमीवर, म्हणजे साधारण सांगली-मुंबई. अंतराचा प्रश्नच नाही, प्रश्न वेगाचा आहे.

पोरांना मी गोफणीचं सांगतो. दगड सरळ वर भिरकावला की जातो आणि तिथंच पडतो, ही ब्लू ओरिजिन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची आणि व्हर्जिनची सहल. ब्लू ओरिजिनचं न्यू शेपर्ड यान निघाल्यापासून टेकेपर्यंत दहा-अकरा मिनिटं, त्यात तीनेक मिनिटं तरंगायचं. पण तोच दगड इतक्या जोरात आडवा मारला की पडता पडता जमीनच खाली वाकत जाईल, तर तो फिरतच राहतो. त्याला सेकंदाला पावणेआठ किमी वेग लागतो. नुसतं १०० किमी वर जाण्यापेक्षा ऊर्जा तीसेक पट जास्त. म्हणून एकाचं तिकीट लाखांत आणि दुसऱ्याचं कोटींत (डॉलरमध्ये बरं का). पेपरवाले दोन्हीला "अंतराळ सफर"च म्हणतात आणि सगळा घोळ तिथं होतो.

अजून एक, पोरं हमखास म्हणतात वर गुरुत्वाकर्षण नसतं. ४०० किमीवर ते जमिनीवरच्या ९० टक्क्यांच्या आसपास असतंच की. लिफ्टची दोरी तुटली तर तुम्ही आणि लिफ्ट बरोबरच पडाल तसं यान आणि माणसं बरोबर पडत असतात. म्हणून तरंगतात.

---

माणदेशी (सातारा) | शनिवार, रात्री १०.४१

सगळं बरोबर हाय मास्तर पण आमच्या माण-खटावात टँकरची वाट बघण्यात आमची आई म्हातारी झाली आणि इथं दहा मिनिटांच्या उडीला साडेतीन-चार कोटी. कुणाच्या पैशानं जायचं त्यानं जावं, आपलं काय म्हणणं नाही. पण मग ते "मानवजातीसाठी" वगैरे नका लावू. २०२१ ला ब्लू ओरिजिनच्या पहिल्या सीटचा लिलाव झाला २ कोटी ८० लाख डॉलरला, आणि घेणारा म्हणतो त्या तारखेला मला जमत नाही! सांगलीत हळदीच्या सौद्यात बोली लावून कोणी असं उठून गेला तर अडत्या काय करंल ते आयर्विनपूल सांगतील.

---

आयर्विनपूल (सांगली) | शनिवार, रात्री १०.४४

😂 परत सौद्याला उभा राहू देणार नाहीत. पण त्या गड्याला २०२५ मध्ये बसवलं बरं का त्यांनी, पैसे बुडवले नाहीत.

---

तंबोरा (मिरज) | शनिवार, रात्री ११.०५

माणदेशी, तुमचा राग मला पटतो पण अर्धा. पर्यटन वेगळं आणि अवकाश वेगळं असं धरूया. २०१९ च्या पुरात आम्ही माहेरी होतो, सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा कुठलं गाव किती बुडालंय हे कळायला वरून घेतलेली चित्रंच होती, ढगातनं आरपार बघणारे रडारवाले उपग्रह असतात. तुमच्याकडं पाऊस येणार का नाही हे सांगणारं पण वरच आहे.

पण खरं बोलायचं तर टुरिस्टांनी हे स्वस्त केलं असं जे सांगतात ते चूक आहे. स्पेसएक्स या अमेरिकेतल्या खासगी कंपनीची पहिली तीन रॉकेटं पडली, २००६, २००७ आणि २००८ ला. सप्टेंबर २००८ ला चौथं गेलं. आणि कंपनी जगली कशी तर त्याच डिसेंबरात नासानं स्थानकावर सामान पोचवायचं १६० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं, बारा खेपांचं. म्हणजे सरकारी कंत्राट! मग डिसेंबर २०१५ ला त्यांनी खालचा टप्पा परत उभा उतरवला, २०१७ ला तोच टप्पा पुन्हा उडवला, आता एकेक टप्पा तीसहून जास्त वेळा जाऊन आलाय. नासाच्या स्पेस शटलच्या काळात किलोमागं पन्नास हजार डॉलरच्या वर खर्च यायचा असा हिशेब मांडतात, स्पेसएक्सच्या फाल्कन रॉकेटचा तीनेक हजारांवर आलाय. हे सगळं उपग्रहांच्या आणि सामानाच्या जीवावर झालं. टुरिस्ट नंतर मागच्या सीटवर येऊन बसले. एसटी गावात आली ती टपाल आणि बाजारकरी यांच्यासाठी, तिच्यातनं कोणी महाबळेश्वर बघायला गेला तर गेला.

---

माणदेशी (सातारा) | शनिवार, रात्री ११.१२

हे आवडलं. मग तसंच सांगा की लोकांना.

---

कंदीपेढा (सातारा) | रविवार, सकाळी ७.३०

काल झोपलो होतो, आत्ता वाचलं. आमचं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी आणि एक व्हीटीएल मशीन. २०१८-१९ ला आम्हाला एका व्हेंडरच्या व्हेंडरकडनं रिंगा टर्निंग करायचं काम आलं. कशासाठी ते सांगितलं नाही. कागद मात्र इतके की कामापेक्षा फाईल जाड. प्रत्येक रिंगेला हीट नंबर (धातू कुठल्या ओतीतला ते सांगणारा आकडा), मटेरियलचं सर्टिफिकेट, अल्ट्रासोनिकचा रिपोर्ट, आणि कळस म्हणजे ऑपरेटर बदलला तरी लिहून कळवायचं. एक रिंग नाकारली. माप बरोबर होतं, फिनिश बरोबर होता, पण आमच्या पोरानं हीट नंबर पंच करताना ३ चा ८ वाटेल असा मारलेला. अख्खी रिंग भंगारात, साडेचार दिवसांचं काम. मी चिडलो होतो लई, पैसे पण कापले. नंतर एकानं खासगीत सांगितलं की ते रॉकेटच्या कामाचं होतं. खरं खोटं देव जाणे, पण तो आकडा मला आजही दिसतो डोळ्यासमोर.

हे सांगायचं कारण म्हणजे आपण तिकिटाचा विचार करतोय पण या धंद्यात आपण आधीपासून आहोत. वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटची केसिंग म्हणजे बाहेरची कवचं बनतात, इंदापूर तालुक्यात, आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. विक्रोळीत गोदरेजकडं रॉकेटचं विकास इंजिन. २०२० पर्यंत हे सगळे नुसते सांगितलेलं करून देणारे होते. त्यावर्षी खासगी कंपन्यांना परवानगी द्यायला इन-स्पेस हे सरकारी कार्यालय काढलं, २०२३ ला अंतराळ धोरण आलं, २०२४ ला परदेशी गुंतवणुकीचे नियम सैल केले. स्कायरूट या नव्या खासगी कंपनीनं १८ नोव्हेंबर २०२२ ला श्रीहरिकोट्यातनं विक्रम-एस रॉकेट उडवलं, ८९.५ किमी गेलं. अग्निकुल या तशाच कंपनीनं ३० मे २०२४ ला थ्रीडी प्रिंट केलेल्या इंजिनावर रॉकेट उडवलं. ही पोरं आता आमच्यासारख्यांना थेट फोन करू शकतात, मधे चार व्हेंडर नकोत. मला सहलीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं, अर्थात माझं पोट त्यावर आहे म्हणूनही असेल.

---

भडंग (सांगली) | रविवार, सकाळी ८.०२

किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आठवला. लोखंडानं जमीन नासती म्हणून दोन वर्षं एक नांगर खपत नव्हता म्हणतात. लोकांनी तेव्हा पण धागा काढला असणार, "बैल मरतील का?"

---

विमा_एजंट_कराड | रविवार, सकाळी ९.२०

कोणी विचारलं नाही पण सांगतोच, सवय. वैयक्तिक अपघात विम्यात विमानाचं कलम बहुतेक वेळा असतं, की नेहमीच्या विमानसेवेचा तिकीट काढलेला प्रवासी असाल तरच. रॉकेट कुठं बसवायचं त्यात? अमेरिकेत तर कायदाच असा आहे की जाणाऱ्याला ते "प्रवासी" म्हणतच नाहीत, "सहभागी" म्हणतात, आणि लिहून घेतात की हे यान सुरक्षित आहे असं सरकारनं प्रमाणित केलेलं नाही हे मला माहीत आहे. धंदा नवीन आहे, त्याला शिकू द्या म्हणून २००४ पासून जाणाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम लावायला बंदी घातलीय, ती वाढवत वाढवत आता २०२८ च्या १ जानेवारीपर्यंत नेलीय.

३१ ऑक्टोबर २०१४ ला व्हर्जिनचं यान चाचणीत हवेतच मोडलं. शेपूट वर उचलायची यंत्रणा होती, तिचं कुलूप सहवैमानिकानं काही सेकंद लवकर उघडलं, ते वारले, दुसरे पॅराशूटनं वाचले. चौकशीत मुद्दा हाच आला की माणूस एवढीशी चूक करू शकतो याचा विचार यान बांधतानाच करायला हवा होता. कंदीपेढांच्या ३ आणि ८ ची गोष्ट वाचून मला तेच आठवलं.

तात्यांना पाठवायचं तर नॉमिनी आधी बघा.

---

आयर्विनपूल (सांगली) | रविवार, सकाळी १०.१०

एजंट साहेब, हे वाचल्यावर माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आमचे पणजोबा काशीला गेले होते, चालत आणि बैलगाडीनं. जायच्या आधी जमिनीची वाटणी करून दिली, उधारी फेडली, भावकीला जेवण घातलं, कारण परत येऊ याची खात्री नाही. आल्यावर मावंदं घातलं तर अख्खा गाव पाया पडायला, कारण हा काशी बघून आला. ते पर्यटन नव्हतंच. आज मी त्याच काशीला अकरा दिवसांत चाळीस माणसं घेऊन जातो आणि लोक भांडतात कशावरनं तर भाजीत मीठ जास्त पडलं.

तर अंतराळ अजून पणजोबांच्या काशीसारखं आहे. सही करून, वाटणी करून जायचं. भाजीवरनं भांडायची वेळ आली की मग समजायचं पर्यटन सुरू झालं.

---

तंबोरा (मिरज) | रविवार, सकाळी १०.३८

वा! आणि भाजीचं म्हणाल तर तेही सुरू झालंय 😊 शुभांशु शुक्ला गेले ना २५ जून २०२५ ला ॲक्सिअम-४ मोहिमेतनं अंतराळ स्थानकावर, तेव्हा गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस घेऊन गेलेले. आणि वर मूग आणि मेथीला मोड आणायचा प्रयोग केला, तो धारवाडच्या शास्त्रज्ञांचा. धारवाड म्हणजे आपल्या इथनं दोन-अडीचशे किमी, आमच्या मिरजेतली निम्मी गाणारी मंडळी तिकडं ये-जा करणारी. मोड आलेल्या मुगावर माझ्या सासूबाईंनी इतकी वर्षं संशोधन केलंय त्याची नोंद कोणी घेतली नाही.

ती फेरी पण समजून घ्या. यान खासगी कंपनीचं, आयोजन दुसऱ्या खासगी कंपनीचं, सीटचे पैसे भारत सरकारचे, पाचशे कोटींच्या वर अशा बातम्या होत्या. पोलंड आणि हंगेरीनं पण तशीच सीट घेतली. १५ जुलैला परत आले. १९८४ ला राकेश शर्मा गेले ते दोन देशांच्या मैत्रीतनं, आता सरकार स्वतः गिऱ्हाईक. मला वाटतं पुढची पाच-दहा वर्षं खरी गिऱ्हाइकं ही असणार, छोटी-मोठी सरकारं. तात्या नव्हेत, सॉरी.

---

माणदेशी (सातारा) | रविवार, दुपारी १२.३०

पाचशे कोटीत चांद्रयान-३ जवळजवळ होतंय की हो (६१५ कोटी). एका माणसाला पाठवायला तेवढे.

---

तंबोरा (मिरज) | रविवार, दुपारी १२.५५

हो, होतंय. यावर माझं आणि नवऱ्याचं दोन दिवस भांडण झालेलं. माझं म्हणणं गगनयानच्या (आपल्याच यानातनं माणूस पाठवायच्या मोहिमेच्या) आधी आपल्या एका माणसाच्या अंगात तो अनुभव पाहिजे होता. त्यांचं म्हणणं तुमच्यासारखं. मिटलं नाही अजून.

---

कोरेगावचा_मास्तर (सातारा) | रविवार, दुपारी २.१०

धाग्याचं नाव चांगलं दिलंय त्यावरनं एक सांगतो. १९७५ साली अमेरिकेत एल-५ नावाची सोसायटी निघाली. चंद्र-पृथ्वीच्या जोडीत एक स्थिर जागा आहे त्याला एल-५ म्हणतात, तिथं माणसांची वसाहत करायची, जेरार्ड ओनील नावाच्या प्राध्यापकांची कल्पना. यांची घोषणा होती "९५ मध्ये एल-५" आणि उद्दिष्ट काय तर तिथं जाऊन जाहीर सभा घ्यायची आणि त्या सभेत संस्था विसर्जित करायची! १९९५ उजाडलं, कोणी गेलं नाही, संस्था १९८७ लाच दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली. काशीस जावे नित्य वदावे म्हणतात ते हेच.

पण नुसतं वदूनही काही होतं. चंद्राचा करार आला १९७९ ला, चंद्रावरची साधनसंपत्ती सगळ्यांची सामाईक, असा. या मूठभर लोकांनी वर्गणी काढून त्याविरुद्ध रान उठवलं आणि अमेरिकेनं तो कधी मंजूर केला नाही. ते चांगलं झालं का वाईट हे वेगळं, मला तर वाईटच वाटतं, कारण सामाईक जमिनीचं काय होतं ते गायरान बघितलेल्याला कळतं, पण निदान पाटी तरी होती. आपण सही केलेली पण मंजुरी दिली नाही.

दुसरं उदाहरण खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनच्या प्लॅनेटरी सोसायटीचं, १९८० ची. त्यांनी लोकांच्या वर्गणीतनं, ७० लाख डॉलर, सूर्यप्रकाशाच्या दाबावर चालणारं शीड २०१९ ला कक्षेत उलगडून दाखवलं. पन्नासेक हजार देणगीदार. आपलं एखादं मोठं गणेश मंडळ धरा की. आपल्याकडं पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे लोकांना आकाश दाखवायचं काम करतेय, देशातली सगळ्यात जुनी हौशी संस्था.

---

कंदीपेढा (सातारा) | रविवार, संध्याकाळी ६.४५

मास्तर, गायरानावरनं. आमच्या कासला बघा, २०१२ ला युनेस्कोच्या यादीत आलं आणि फुलांपेक्षा गाड्या जास्त झाल्या. मग ऑनलाईन बुकिंग, दिवसाला ठराविकच माणसं, कुंपण. कुंपणावर पण भांडणं. वर कोण कुंपण घालणार? इंटरनेट पुरवणाऱ्या एकट्या स्टारलिंकचे हजारो उपग्रह झालेत. २ एप्रिल २०२२ ला चंद्रपूरच्या सिंदेवाहीकडं रात्री आभाळातनं धातूची रिंग पडली गावात, चिनी रॉकेटची निघाली. माझं लक्ष अर्थातच रिंगेच्या मशिनिंगकडं.

---

विमा_एजंट_कराड | रविवार, संध्याकाळी ७.०५

त्याचा करार आहे बरं का, १९७२ चा. ज्या देशानं सोडलं त्यानं जमिनीवरच्या नुकसानीची भरपाई द्यायची, चूक सिद्ध करायची गरज नाही. खासगी कंपनीनं सोडलं तरी जबाबदार देशच. एवढं स्वच्छ कलम आमच्यात पण नाही.

---

आयर्विनपूल (सांगली) | सोमवार, रात्री ९.१५

मंडळी, तात्या आज परत आले. मी त्यांना सगळं सांगितलं, गोफण, काशी, नॉमिनी, पाचशे कोटी. इस्रोकडनं २०२३ ला सहा कोटींचं तिकीट २०३० पर्यंत अशी बातमी होती तीही सांगितली, पण तारखेवर विसंबू नका म्हटलं, या धंद्यातली तारीख आपल्या रस्त्याच्या टेंडरसारखी असते. ते सगळं शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या हयातीत न्हाई." मी काही बोललो नाही. म्हणाले, "मग निदान ते कुठनं जातंय ते तरी दाव."

तंबोराताई, तुम्ही मागं एका धाग्यात लिहिलेलं की स्थानक डोळ्यांनी दिसतं. कसं, कधी?

---

तंबोरा (मिरज) | सोमवार, रात्री ९.४०

दिसतं की! दुर्बीण लागत नाही. सूर्य मावळून तासभर झालेला असतो, किंवा पहाटे उगवायच्या तासभर आधी. आपल्याकडं अंधार पण ४०० किमीवर अजून ऊन असतं त्याला, म्हणून चमकतं. लुकलुकत नाही, आवाज नाही, विमानासारखे लाल दिवे नाहीत, सरळ जातं, जास्तीत जास्त पाच-सहा मिनिटं. मग जाता जाता मधेच विझतं, कारण पृथ्वीच्या सावलीत शिरलं. दीड तासात एक फेरी, पण प्रत्येक फेरी आपल्या डोक्यावरनं नसते, वेळ मी बघून कळवते. २०३० च्या सुमाराला ते समुद्रात पाडायचं ठरलंय, तेव्हा बघायचं असेल त्यानं बघून घ्या.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर या. जिना तीन मजल्यांचा आहे, तात्यांना चालेल ना?

---

आयर्विनपूल (सांगली) | सोमवार, रात्री ९.५८

केदारनाथ चालत गेलेत. तीन मजले काय.

बाकी अष्टविनायकाचे पाचशे ॲडव्हान्स देऊन गेले, आणि रजिस्टरच्या शेवटच्या पानावर स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं, पुढं "अंतराळ, १ सीट". पावती मागत होते, दिली नाही.

---

भडंग (सांगली) | सोमवार, रात्री १०.०३

भडंग मी आणतो. चटया कोण आणतंय?

---

माणदेशी (सातारा) | सोमवार, रात्री १०.२०

मी पण येतो, शेवटची एसटी किती वाजता हाय मिरजेतनं तेवढं सांगा.